हंसराणी कंपनीचा फोन

फोन रुपराव हेडाऊंच्या घरी होता, पण तो वाजला की अख्खी गल्ली कान टवकारायची. पाचपावलीच्या त्या कोष्टी गल्लीत दुसरा फोन नव्हता. लोकांनी सोयऱ्यांना, व्यापाऱ्यांना, इतकंच काय पोरींच्या लग्नपत्रिकेवरही रुपरावजींचाच नंबर छापला होता. फोन आला की त्यांची बायको जिजाबाई दारात उभी राहून हाक मारायची आणि ज्याचं नाव निघालं तो हातातलं टाकून पळत सुटायचा. फोनशेजारी पलंगावर रुपरावजी बसलेले असायचे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ते हलायचे नाहीत. दुसऱ्याच्या घरचा फोन, तेव्हा जास्त बोलायचं नाही, उलट विचारायचं नाही, 'हो जी, हो जी' म्हणून मोकळं व्हायचं, अशी त्या गल्लीची रीतच पडली होती.

रुपरावजी माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं. गल्ली त्यांना मामाजी म्हणायची. हातमाग चालू होते तेव्हा ते विणकरांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. सूत त्यांच्या शब्दावर घरात यायचं, लुगडं त्यांच्या शब्दावर घराबाहेर जायचं. पावती कोणी मागितली नाही, त्यांनी दिली नाही आणि एक लुगडं कधी बुडालं नाही. घात इथंच झाला. माणूस चोर असता तर गल्ली सावध तरी राहिली असती.

पुढे माग बसले. यंत्रमागाच्या कापडापुढे हाताचं लुगडं कोण घेतो? ज्या खड्ड्यात बसून सासऱ्यानं जन्मभर माग चालवला तो खड्डा गल्लीतल्या चंद्रकलानं मुरूम घालून बुजवला आणि त्याच जागी शिलाई मशीन मांडली. हंसराणी कंपनीची, पायाची, काळ्या अंगावर सोनेरी हंस काढलेली. तिचा नवरा ताराचंद इतवारीत कापडाच्या दुकानात ठाणं उलगडायच्या कामाला लागला होता. त्या कमाईत चूल एक वेळ पेटायची. दुसऱ्या वेळची चूल मशीन पेटवायची. इतवारीचा व्यापारी कापलेल्या परकरांचे गठ्ठे पाठवायचा, चंद्रकला शिवून द्यायची. गल्लीत आणखी तिघींकडे अशीच मशीन होती. यमुताईकडे होती, शेजारच्या प्रेमिलाकडे होती, आणि प्रेमिला तर विधवा. तिची एकच चूल होती आणि ती दोन्ही वेळा मशीनवरच पेटायची.

एशियाडचं वर्ष होतं ते. एका दुपारी जिजाबाईची हाक आली.

"चंद्रकला! ओ चंद्रकला! तुहा फोन हाय वं! कंपनीचा!"

चंद्रकला कणकेच्या हातानंच पळाली. फोन येण्यासारखं तिचं जगात कोणी नव्हतं. खाप्याला माहेर, तिथं कोणी मेलं तरी माणूस निरोप घेऊन यायचा. कंपनी कोणती?

"चंद्रकलाबाई बोल रही हैं? ताराचंदजी की घरवाली?" आवाज असा गोड की चहात टाकावा. "नमस्ते बहनजी. मैं हंसराणी कंपनी से वर्मा बोल रहा हूँ, बंबई से. ट्रंक कॉल है, टाइम कम है, ध्यान से सुनिए. आपके पास हमारी पैर-मशीन है ना? उस माल में खराबी निकली है. कंपनी पुरानी वापस लेकर नयी दे रही है, बिजली की मोटरवाली. मुफ्त में. कल दोपहर हमारा आदमी गाड़ी लेकर आएगा. मशीन दरवाजे पे तैयार रखिए."

दारात बाया जमल्या होत्या. रुपरावजी पलंगावरून मान डोलवत होते, जणू स्कीम त्यांनीच काढली होती.

चंद्रकला 'हो जी' म्हणणारच होती. पण तिच्या डोक्यात काहीतरी कुसळासारखं टोचलं. हीच कंपनी, हेच हंस. मागल्या वर्षी मशीनचं शटल तुटलं तेव्हा ती सीताबर्डीच्या त्यांच्या दुकानात गेली होती. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, सोमवारी ये म्हणाले. सोमवारी गेली तर पुढल्या सोमवारी ये म्हणाले. शेवटी तिनं शटल भंगारवाल्याकडून शोधून आणलं. ती कंपनी आज आपणहून 'बहनजी' म्हणत दारात येते? गरीब कंपनीच्या मागं धावतो हे तिनं पाहिलं होतं. कंपनी गरिबाच्या मागं धावते हे तिला नवीन होतं.

"साहेब, बर्डी में तुम्हारी दुकान है ना? मैं मशीन उधरच लेके आती," ती म्हणाली.

"नहीं नहीं, दुकान में मत जाना! उनको बोलना भी मत. दुकानवाले बीच में कमीशन खाते हैं. ये सीधी कंपनी की स्कीम है."

"तो तुम्हारा फोन नंबर बोलो. मैं घर में पूछ के फोन करती."

मग "लाइन कट रही है, बहनजी," असं अगदी स्वच्छ ऐकू आलं आणि लाइन कटली.

चंद्रकलानं रिसीव्हर ठेवला आणि रुपरावजी कडाडले.

"काहून वं? माह्या फोनवर उभी राहून बंबईच्या साहेबाले उलटतपासणी करून राहिली? तू वकील हायस का?"

"मामाजी, हा मानूस मले बरोबर नाही वाटत."

"तुले काय समजते? इथं तिघींले फोन येऊन गेला. त्यायनं गुपचूप हो म्हटलं. तूच एकटी हुशार!"

"मामाजी, तो म्हणते बंबईवरून बोलतो. तुमच्या जावयाचा पुण्यावरून ट्रंक कॉल येते तं आधी ती बाई बोलते एक्सचेंजची. मंग घरघर घरघर. मंग तुमी इतके ओरडता का फोन नसता तरी पुण्याले ऐकू गेलं असतं. या मानसाचा आवाज तं इतवारीतून आल्यावानी येत होता. ना बाई बोलली, ना घरघर."

दारातल्या बाया फिसफिसल्या. यमुताई तर तोंडाला पदर लावून हसली. झालं. हसायला नको होतं. रुपरावजींना आपल्या ओरडण्यावर कोणी हसलेलं चालायचं नाही, आणि फोनवर तर त्याहून नाही.

"मोठी कंपनी हाय ते," ते म्हणाले. "मोठ्या कंपनीची लाइन मोठी राहते. अन् त्या साहेबाले तुहं नाव मालूम, तुह्या नवऱ्याचं नाव मालूम. खोटा मानूस असता तं नाव कुठून आणलं असतं त्यानं?"

नाव खरंच कुठून आणलं त्यानं? रस्ताभर ती तेच चघळत राहिली.

संध्याकाळी ताराचंद आला तोवर बातमी त्याला चौकातच मिळाली होती. बातमी म्हणजे काय, तर त्याच्या बायकोनं मोटरची मशीन लाथाडली.

"मामाजीच्या शब्दावर बापानं लुगडे दिले," तो म्हणाला. "तुले मशीन द्याले जड चाललं?"

"लुगडे मामाजीच्या हातात दिले व्हते. ही मशीन कोणाच्या हातात चालली, मामाजीले तरी मालूम हाय का?"

"फोन मामाजीच्या घरी आला."

"म्हणून तो खरा? उद्या कुत्रं मामाजीच्या वट्ट्यावर भुंकलं तं तेही सोसायटीचं होते का?"

ताराचंदनं ताट सरकवलं आणि तो बाहेर जाऊन बसला. बाईचं खरं निघालं की पुरुष जेवण सोडतो. पोट त्याचं, उपास त्याचा, आणि पाप मात्र बायकोच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला नाही. मशीन उचलायला पुरुषमाणूस पाहिजे म्हणून रुपरावजींनी त्याला घरी ठेवून घेतलं. चंद्रकलानं चपला घातल्या.

"कुठं चालली?"

"बर्डीले. इचारून येतो दुकानात. मी येईपरेंत मशीनले हात लावजो नको."

हंसराणीच्या दुकानात पंखा फिरत होता आणि एक कारकून दात कोरत होता. तिनं सगळं सांगितलं. तो हसला. इतका हसला की आतून दुसऱ्याला बोलावून त्यानं तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"मोटरची मशीन, फुकट!" तो म्हणाला. "बाई, अशी स्कीम असती तर पहिली माझ्या बायकोची बदलली असती. असं काही नाही. कोणी वर्मा नाही. कोणाला मशीन देऊ नका."

"मंग साहेब, हेच एका कागदावर लिहून द्या ना. दुकानाचा शिक्का मारून. गल्लीत माह्यावर कोणी भरोसा नाही करत."

"लिहून? ते मॅनेजरसाहेब देतील. सोमवारी या."

"सोमवारी! गाडी आज येऊन राहिली!"

"मग मी काय करू?"

"आमच्या गल्लीत फोन हाय. एक फोन लावा अन् तुमीच सांगा. एक मिनिटाचं काम."

"हा फोन गिऱ्हाइकांसाठी नाही."

"मी गिऱ्हाईकच हाओ! ही मशीन का मी झाडावरून तोडली?"

त्यानं पुन्हा दात कोरायला घेतला. खरी कंपनी तिच्या समोर बसली होती, खरं बोलत होती, आणि त्या खऱ्याचा तिला कवडीचा उपयोग नव्हता. खोटी कंपनी निदान नमस्ते तरी म्हणाली होती.

रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या मालकाला दया आली असेल किंवा तिच्या तोंडाकडे पाहून भीती वाटली असेल. त्यानं फोन पुढे केला, नंबरही स्वतः फिरवून दिला. घंटा वाजली. रुपरावजींनीच उचलला.

"मामाजी, मी चंद्रकला. बर्डीवरून बोलतो. दुकानवाले म्हणतात अशी स्कीमच नाही. मशीनी देऊ नका कोणाले!"

"कोण बोलते?"

"चंद्रकला! ताराचंदची!"

"तू बर्डीच्या दुकानातून बोलतं हे कशावरून?" रुपरावजींचा आवाज शांत, कायदेशीर होता. "बाजूच्या चौकातूनही बोलत असशीन. फोनवर काय, कोणीही काहीही सांगते. असा भरोसा ठेवता येत नाही."

चंद्रकलाला वाटलं, रिसीव्हर आपटून फोडावा. फोनवर कोणीही काहीही सांगतं! हे वाक्य या माणसाला काल सुचलं नाही. काल नाही, परवा नाही, नेमकं आज सुचलं, आणि तेही तिच्यासाठी.

"मामाजी, हात जोडतो. गाडीले मी येईपरेंत तरी थांबवा!"

"गाडी आली हाय. साहेबाच्या मानसाले चहा देऊन राहिलो. ठेव."

तिनं रिक्षा केली. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं केली आणि रिक्षावाल्याला वाटभर "चाल गा, चाल गा," म्हणून पिडत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी मेटाडोर गाडी उभी होती. आत तीन मशीन नव्या नवरीसारख्या माना खाली घालून बसलेल्या. प्रेमिलाची मशीन सगळ्यांत पुढे. निघण्याआधी प्रेमिलानं मशीनला हळदकुंकू लावलं होतं. खाकी कोटातला एक माणूस रुपरावजींच्या ओट्यावर बशीतून चहा ओढत होता. कोटावर पितळी हंस. असा हंस इतवारीत चार ठिकाणी मिळतो. आणि ताराचंद, तिचा नवरा, मशीन दाराबाहेर ओढत होता.

चंद्रकलानं रिक्षातून उडी मारली. ती गेली आणि मशीनच्या फळीवर चढून बसली. गठ्ठ्यावर बसावी तशी.

"उतर," ताराचंद दातओठ खात म्हणाला. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. लोकायसाठीच बसलो."

मग ती खाकी कोटाकडे वळली. "भाऊ, बंबई से आए ना? तो गाड़ी पे भंडारा ट्रान्सपोर्ट काहून लिहिला है? मैं अभी तुम्हारी दुकान से आ रही. वहाँ कोई वर्मा नहीं, कोई स्कीम नहीं."

गल्लीच्या माना खाकी कोटाकडे वळल्या. तिला वाटलं, जिंकलं. पण त्या माणसाच्या हातातली बशीसुद्धा हलली नाही. त्यानं चहा संपवला, मिशी पुसली आणि खिशातून कागद काढला.

"बहनजी को भरोसा नहीं है तो कोई जबरदस्ती नहीं," तो म्हणाला. "कंपनी का क्या जाता है? दूसरे मोहल्ले में सौ लोग लाइन लगाके खड़े हैं. इनका नाम काट देता हूँ." आणि सगळ्यांसमोर त्यानं पेन्सिलीनं एक रेघ ओढली. "और किसी का काटना है?"

त्या एका रेघेनं चंद्रकलाचं सगळं बोलणं धुऊन गेलं. नाव कटण्याची भीती गरिबाला भुताहून मोठी. रेशनमध्ये नाव कटतं, मिलमध्ये नाव कटतं, कटलेलं नाव पुन्हा कोणी लिहीत नाही. "नाही साहेब, आमचं नका काटू!" यमुताई ओरडली. काल पदराआड हसणारी हीच ती.

चंद्रकला मशीनवरून उतरून मेटाडोरकडे धावली. प्रेमिलाच्या मशीनचं चाक तिनं दोन्ही हातांनी धरलं. "प्रेमिला, उतरव इले! तुह्या पाया पडतो. तुह्यापाशी दुसरं काय हाय वं?"

प्रेमिलानं तिला ढकललं. छातीवर हात ठेवून, जोर लावून ढकललं. "तुले नाही पाहिजे तं नको घेऊ! मले तं घेऊ दे! मही मोटरची मशीन आली तं तुह्या पोटात दुखते का?"

मेटाडोर गेली. रुपरावजींनी तिला हात दाखवला, पाहुण्याला दाखवावा तसा.

मोटरच्या मशीन यायच्या होत्या त्या आल्या नाहीत. पहिले काही दिवस गल्ली म्हणाली, मोठी कंपनी आहे, वेळ लागतो. मग म्हणाली, मालगाडी अडकली असेल. मग हळूहळू कोणी काही म्हणेनासं झालं आणि एके दिवशी प्रेमिला ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागली. गल्लीतले लोक पोलिस चौकीत गेले तर हवालदारानं विचारलं, माणसाचं नाव? वर्मा. राहणार? कंपनीत. मशीन कोणी उचलून दिली? आम्हीच. त्यानं पेनाचं टोपण लावलं.

मग रुपरावजींच्या ओट्यावर बैठक बसली. मशीन गेल्या त्या तिघींचं एकच पालुपद, त्याला आमचं नाव माहीत होतं, मग आम्ही कसं नाही मानायचं?

"हेच तं मी म्हणतो," रुपरावजी म्हणाले. "टेलिफोन खात्यातूनच कोणीतरी फुटलं असन."

"खातं नाही फुटलं." दारातून जिजाबाई बोलली. तिच्या हातात निवडायचे तांदूळ होते आणि ती सुपातून मान वर न करता बोलली. "नावं तुमीच देलीत. पहिल्यांदा फोन आला तवा त्यानं तुमालेच इचारलं, तुमच्या मोहल्ल्यात हंसराणीच्या मशीनी कोणाकोणापाशी हाय? तुमी पलंगावर मांडी ठोकून एकेक नाव सांगलं. नवऱ्यासंगट. मी इथंच बसलो व्हतो."

चंद्रकलाला हसू यावं की रडू, कळेना. किती दिवस ती डोकं फोडत होती! त्या भामट्याला काहीच माहीत नव्हतं. गल्लीचंच गल्लीला परत वाढलं त्यानं, आणि गल्लीनं ते प्रसाद म्हणून खाल्लं.

"माणसानं इचारलं तं सांगाव नाही का?" रुपरावजी म्हणाले. आवाज मात्र आत गेला होता. "मी का माह्यासाठी सांगतलं? गल्लीचं भलं व्हाव म्हणून सांगतलं."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येण्यासारखं होतं. माफी त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी बर्डीवरून एक छोटं कुलूप आणलं आणि फोनच्या तबकडीला लावलं. कुलपानं फोन बाहेर जाणं थांबतं, आत येणं थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार? चंद्रकलानं नाही सांगितलं. तिचं सांगून झालं होतं.

आणि गल्लीचा राग? तो रुपरावजींवर गेला नाही. तो फिरून चंद्रकलाच्या दारात आला. "तुले मालूम व्हतं तं तू अजून जोरानं काहून नाही सांगतलं?" यमुताईनं विचारलं. चंद्रकलानं तिला उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पण परकरांचे गठ्ठे येतच होते आणि गल्लीत मशीन एकच उरली होती. पहिल्यांदा प्रेमिला आली. दारात उभी राहिली, आत येईना. ढकलणारा हात तिनं पदरात लपवला होता.

"सकाळी बसत जा," चंद्रकला म्हणाली. "दुपारी मी बसतो. अन् सुई तोडली तं सांगजो, लपवजो नको." बोलताना ती चिडलेलीच होती. ज्या मशीनसाठी तिनं नवऱ्याशी, मामाजीशी, साऱ्या गल्लीशी भांडण घेतलं तीच आता तिच्या वाट्याला अर्धी आली होती. मग यमुताई आली, तिच्यामागून तिसरी आली आणि अर्ध्याचं पाव झालं. ताराचंद रोज रात्री मशीनला तेल घालायचा. तेवढीच त्याची माफी.

पावसाळा उतरत होता तेव्हाची गोष्ट. सकाळची पाळी प्रेमिलाची होती. चंद्रकला शेजारी बसून परकरांना नाड्या ओवत होती. जिजाबाईची हाक आली.

"प्रेमिला! फोन हाय वं! तो म्हणते, कंपनीचा हाय. मशीन सापडली म्हणते तुही!"

प्रेमिलाचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. तिच्या तोंडावर असा उजेड पडला की चंद्रकलाला तो पाहवेना. 'जाऊ नको' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. किती वेळा सांगायचं? प्रेमिला उठून पळाली. चंद्रकला नाडी हातातच धरून तिच्यामागं गेली, चिडून, पाय आपटत.

प्रेमिलानं रिसीव्हर कानाला लावला होता. पलंगावर रुपरावजी ताठ बसले होते. "हो जी," प्रेमिला म्हणाली. "हो जी." डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"मही मशीन तुमच्यापाशी हाय म्हणता," ती शेवटी म्हणाली. हिंदी तिला येतच नव्हती. "मंग सांगा. माह्या मशीनीच्या फळीवर काय कोरलं हाय?"

पलीकडून पुष्कळ बोलणं झालं. प्रेमिलानं ते सगळं ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "तसं नाही. मी बर्डीच्या दुकानात जाऊन इचारतो. खरी असन तं तिथंच मिळन."

"अवं, साहेब बोलून राहिले!" रुपरावजी अर्धे उठले. "असं मधात नाही ठेवत!"

प्रेमिलानं रिसीव्हर ठेवला. त्या घरात साहेब बोलत असताना फोन ठेवणारी ती पहिलीच.

ती चंद्रकलाच्या घरी परतली. मशीनवर बसली, दोरा ओवायला गेली. दोरा नेढ्यात जाईना.

"काय कोरलं हाय वं फळीवर?" चंद्रकलानं विचारलं.

"काहीच नाही," प्रेमिला म्हणाली. "तो म्हणे, तुमच्या मालकाचं नाव." आणि मग तिचा आवाज फाटला. "पण चंद्रकला, खरंच सापडली असन तं? त्यानं फळी पाहिलीच नसन तं?"

चंद्रकलाला राग आला. प्रेमिलाचा नाही. नेमका कोणाचा, ते तिला धरता आलं नाही, इतके जण होते. तिनं प्रेमिलाच्या हातातून दोरा घेतला, तोंडात ओला केला आणि सुईत ओवून दिला.

"उद्या सकाळी दोघी जाऊ बर्डीले," ती म्हणाली. "तो दातकोऱ्या सोमवारी या म्हणन. तिथंच बसून राहू. आता चालव. गठ्ठा आज द्याचा हाय."